शंकर बाळकृष्ण दीक्षित : आकाश तपासणारा शाळामास्तर

ऋतू का बदलतात, हा विज्ञानाच्या पेपरातला नेहमीचा प्रश्न. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून, हे उत्तर मुले पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण त्याच मुलांना महिनाभराने विचारले, की विदर्भात मे महिन्यात एवढा उन्हाळा का, तर अनेक जण सांगतात की तेव्हा सूर्य जवळ येतो. खरे तर पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण थंडीने कुडकुडत असतो तेव्हा.

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. १९८७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांचे कारण विचारण्यात आले आणि त्याचे चित्रीकरणही झाले. त्यांपैकी २१ जणांच्या उत्तरांत घोळ होता. हे सगळे शाळेत शिकवलेले होते, पण मनात मुरलेले नव्हते.

शिकवणे आणि शिकणे यांच्यातली ही दरी कशी बुजवायची, यावर आज ‘स्टेम’ शिक्षणाच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या एकत्रित शिक्षणाच्या चर्चेत पुष्कळ बोलले जाते. त्या चर्चेत एका माणसाचे आयुष्य आठवावेसे वाटते. हा माणूस महाविद्यालयात कधी शिकला नाही, वेधशाळेत नोकरीला नव्हता आणि जन्मभर शाळाच शिकवत राहिला. तरीही भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासावर लिहिणाऱ्या कोणालाही आज त्याच्या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. त्याचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

मुरुड ते पुणे

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. प्राथमिक शिक्षण गावातच झाले. १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था होती. तेथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला आणि १८७४ साली मॅट्रिकची परीक्षाही दिली. औपचारिक शिक्षण तेवढेच. पुढे रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचे तेच ट्रेनिंग कॉलेज, अशा बदल्या होत गेल्या. धुळ्यात आणि पुण्यात तर ते शिक्षकांचे शिक्षक होते.

बदलीची नोकरी म्हणजे काय, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. नवे गाव, नवे बिऱ्हाड, नवा वर्ग, आणि लिहावाचायला वेळ मिळणार तो शाळा सुटल्यावरच. अशा आयुष्यात या माणसाने जे लिहिले त्याची सुरुवातच विद्यार्थ्यांपासून होते. १८७६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचे ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ प्रसिद्ध झाले. १८८२ साली ‘सृष्टिचमत्कार’ आले. पुढच्या दशकात ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे सामान्य वाचकाला आकाशाची ओळख करून देणारे पुस्तक निघाले आणि मराठीत लोकप्रिय झाले.

या शेवटच्या नावावर शिक्षकांनी जरा थांबावे. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, दोन घटका म्हणजे ४८, साधारण शाळेची एक तासिका. पण ही तासिका रात्रीची आहे, छताबाहेरची आहे आणि लेखकाने तिला अभ्यास न म्हणता मौज म्हटले आहे. शिकवण्याच्या पद्धतीविषयी एखाद्या मास्तराने काय मानले, हे पुस्तकाच्या नावातूनही कळू शकते.

पंचांगाचा वाद

दीक्षित आकाशाकडे वळले त्यामागे त्या काळचा एक वाद होता. पंचांगातले गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसेनासा झाला होता. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि दुर्बिणीतून दिसणारी स्थाने वेगळी पडत. प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांनी १८६० साली युरोपीय सारण्यांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत दिली आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. पण एक प्रश्न राहिलाच. वर्ष मोजायचे ते स्थिर ताऱ्यांपासून, म्हणजे निरयन पद्धतीने, की दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून, म्हणजे सायन पद्धतीने?

हा प्रश्न कोरडा वाटतो, पण तो आपल्या घरातला आहे. मकरसंक्रांत आपण १४ किंवा १५ जानेवारीला करतो आणि त्या दिवशी उत्तरायण सुरू झाले असे म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. हा २४ दिवसांचा फरक कोणाच्या चुकीने पडलेला नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एक अंश, म्हणजे जवळपास एक दिवस, एवढे अंतर पडत जाते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकाच सुमारास येत होते.

विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षित सायन पक्षाला मिळाले आणि १८८० च्या दशकात या मंडळींनी सायन पंचांग काढायला सुरुवात केली. समाजाने ते फारसे स्वीकारले नाही. सणांच्या तारखा बदलणे ही लहान गोष्ट नव्हती, आजही नाही. मात्र स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जे राष्ट्रीय सौर कॅलेंडर सुरू झाले, ते सायन पद्धतीचेच आहे. आकाशवाणीच्या बातम्यांत ऐकू येणाऱ्या त्या तारखेचा या जुन्या वादाशी असा संबंध आहे.

शिलालेखातला गुरुवार

दीक्षितांच्या कामाची तऱ्हा समजण्यासाठी एक उदाहरण पुरे आहे. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षे दिलेली आहेत, पण त्या गणनेचे पहिले वर्ष कोणते, यावर विद्वानांच्या मतांत शंभर वर्षांहून अधिक तफावत होती. गुप्तांचा काळ हलला की त्यांच्याशी जोडलेला सगळा इतिहास हलतो. त्यात आपला विदर्भही आला. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून चाललेल्या तिच्या कारभाराचा काळ गुप्तांच्या काळावरूनच ठरतो.

जॉन फेथफुल फ्लीट हे अधिकारी या शिलालेखांवर काम करत होते. गणितासाठी त्यांनी दीक्षितांची मदत घेतली. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताचा स्तंभलेख आहे. त्यात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार दिलेला आहे. आता प्रत्येक मताची परीक्षा घेता येते. त्या मताप्रमाणे वर्ष धरायचे, त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी गणिताने काढायची आणि त्या दिवशी गुरुवार येतो का, ते पाहायचे. दीक्षितांच्या गणिताने २१ जून ४८४ हा दिवस आला आणि तो गुरुवार होता.

एखादा वार योगायोगानेही जुळू शकतो, सातात एकदा तरी. म्हणून एकच लेख पुरत नाही. इतर लेखांतल्या नोंदीही त्याच हिशेबात बसाव्या लागतात. असे अनेक पुरावे एकत्र आले आणि गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० च्या सुमारास, हे मत पक्के झाले. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली निघाला. त्यातले गणित एका शाळामास्तराचे होते.

दुसरे उदाहरण कृत्तिकांचे. शतपथ ब्राह्मणात असा उल्लेख आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. हे वाक्य शेकडो वर्षे पाठ केले गेले होते. दीक्षितांनी त्याला प्रश्न विचारला : कृत्तिका नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील? अक्षाच्या डुलण्याचा हिशेब मांडून त्यांनी उत्तर काढले, इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. ते वाक्य प्रत्यक्ष पाहून लिहिलेले होते की परंपरेने चालत आलेले, यावर नंतरच्या अभ्यासकांत मतभेद आहेत आणि असे मतभेद असणे योग्यच आहे. शिक्षकासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पाठ केलेल्या वाक्याला तपासता येईल असा प्रश्न विचारणे, ही विज्ञानाची पहिली पायरी आहे.

१८९६ साली त्यांचे दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले. एक मराठीत, ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’. दुसरा रॉबर्ट सेवेल यांच्यासह इंग्रजीत, भारतीय कालगणनेवर. मराठी ग्रंथाची पुढे हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे झाली. २७ एप्रिल १८९८ रोजी दीक्षितांचे निधन झाले, तेव्हा त्यांना पंचेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या पिढीतले दुसरे मोठे गणिती-ज्योतिषी व्यंकटेश बापूजी केतकर हेही शाळाशिक्षकच होते. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्या काळी शाळेतला शिक्षक हा ज्ञान पोहोचवणाराच नव्हे, तर ज्ञान तपासणाराही असू शकत होता.

भंडाऱ्याची एक मीटर काठी

याचा आजच्या वर्गाशी संबंध काय? भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत करता येईल असे एक काम पाहू. लागते ते एवढेच : एक मीटर लांबीची सरळ काठी, सपाट जागा, मोजपट्टी आणि काठी ताठ उभी आहे हे पाहायला गवंड्याचा ओळंबा.

दुपारी बारा ते साडेबाराच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपायचे. त्यातली सर्वात आखूड सावली म्हणजे खरी मध्यान्हाची सावली. ती नेमकी बाराला येत नाही. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे, तर भंडारा सुमारे ७९.६५ अंशावर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर येथे मध्यान्ह सरासरी अकरा मिनिटांनी उशिरा होते, आणि ऋतूप्रमाणे त्यातही काही मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे पहिल्याच दिवशी भूगोल, गणित आणि विज्ञान एका जागी येतात. पुण्याचा मुलगा फोनवर भेटला, तर आपल्याकडे सूर्य त्याच्याआधी सुमारे २३ मिनिटे डोक्यावर येतो, हेही पडताळता येते.

आता संक्रांतीचा प्रश्न घ्या. उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होते की १४ जानेवारीला? मुलांना आधी अंदाज लिहायला सांगावा, कारणासह. मग मोजावे. भंडाऱ्याचा अक्षांश सुमारे २१.२ अंश आहे. २२ डिसेंबरला एक मीटर काठीची मध्यान्ह सावली ९८-९९ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास काठीएवढीच भरेल. १४ जानेवारीला ती सुमारे ९२ सेंटिमीटरवर आलेली असेल. सूर्य वळून तीन आठवडे उलटले, हे मुलांच्या स्वतःच्या वहीत लिहिलेले असेल. २१ मार्चच्या सुमारास सावली ३९ सेंटिमीटर होईल. २६-२७ मेच्या सुमारास ती नाहीशीच होईल. हा आपला शून्य सावली दिवस. तो सुट्टीत येतो आणि जुलैमधला दुसरा पावसाळी ढगांत जातो, म्हणून शाळेने डिसेंबर ते मार्च हा काळ धरावा. आकाश स्वच्छ, शाळा चालू.

ऋतू का होतात, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. सूर्य दूर जातो म्हणून नव्हे, तर तो खाली उतरतो म्हणून ऊन तिरपे पडते, जास्त जमिनीवर पसरते आणि थंडी होते. ज्या मुलाने स्वतः ९८ पासून ३९ पर्यंत सावली घटताना मोजली, त्याला हे कारण पाठ करावे लागत नाही.

कृत्तिकाही येथेच भेटतात. कार्तिक पौर्णिमेला चंद्र त्यांच्या आसपास असतो, म्हणून तर महिन्याचे नाव कार्तिक. चंद्राच्या उजेडात त्या फिक्या दिसतात, म्हणून आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत आणि चंद्र उशिरा उगवू लागला की पाहावे. शहरापेक्षा साकोली-लाखांदूरकडच्या गावांत आकाश अधिक काळे मिळते. आज कृत्तिका भंडाऱ्यात नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत. त्या पूर्वेपासून सुमारे २६ अंश उत्तरेला उगवतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतात. होकायंत्र किंवा ध्रुवतारा घेऊन मुले हा ढळ पाहू शकतात. शतपथातले वाक्य, दीक्षितांचा प्रश्न आणि सातवीतल्या मुलीची नोंद एका ओळीत येतात.

प्रयोग म्हणजे करमणूक नव्हे

येथे एक इशारा हवा. मुलांना मैदानात नेले, काठी रोवली, फोटो काढला आणि परतलो, तर त्यातून काही शिकणे होत नाही. ‘कृतियुक्त शिक्षण’ या नावाखाली असे पुष्कळ घडते. प्रयोगाचे साहित्य मांडलेले असते आणि प्रात्यक्षिक वहीतले निरीक्षण गाईडमधून उतरवलेले असते. दीक्षितांच्या कामात पाहणे होते, पण त्याआधी अपेक्षा होती आणि त्यानंतर हिशेब होता. या तीन पायऱ्यांतली एक जरी गळली, तरी बाकीच्या दोन लंगड्या पडतात.

आधी अंदाज, मग मोजमाप, मग दोहोंचा मेळ. मेळ बसला नाही तर कारण शोधायचे : काठी वाकडी होती का, जमीन उताराची होती का, की आपली कल्पनाच चुकीची होती? पाच गटांची पाच मापे वेगळी येतील. ती खोडून एकसारखी करू नयेत. फळ्यावर लिहून सरासरी काढावी, सर्वात वेगळे माप कशामुळे आले ते विचारावे. मोजमापातली चूक किती, हे सांगता येणे हीसुद्धा एक अध्ययन निष्पत्तीच आहे, आणि महत्त्वाची आहे.

अशा शिकवण्याने फरक पडतो का, याचा मोठा पडताळा २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विज्ञान-गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण त्यात होते. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. विद्यार्थ्यांना विचार करायला, सोडवायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के होते. हे आकडे महाविद्यालयांचे आहेत. ते जसेच्या तसे आपल्या शाळांना लावता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे, आणि सर्वात जास्त नुकसान कोणाचे होते तेही. फक्त ऐकून शिकण्याच्या वर्गात आधीच चाचपडणारे मूलच आधी गळते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही अनुभवातून शिकण्यावर भर आहे. धोरण वर्गात उतरते ते मात्र शिक्षकाच्या तासिकेत. माहिती भरणे, ऑनलाइन नोंदी, बैठका यांतून त्याला दोन घटका मिळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. महागडी प्रयोगशाळा नसली तरी चालेल, ओळंबा आणि काठी प्रत्येक गावात आहे. पण रोज मध्यान्ही वीस मिनिटे वर्गाबाहेर जायची मोकळीक नसेल, तर प्रयोगशाळा असूनही कुलूपच पाहायला मिळेल. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकांनी एवढे जरी पाहिले, की विज्ञानाच्या एका वहीत मुलांच्या स्वतःच्या मापांची चार महिन्यांची नोंद आहे, तरी पुष्कळ झाले.

पालकांनाही यात काम आहे. मुलाला किती गुण पडले, हे विचारण्याआधी, आज काय मोजलेस आणि ते पुस्तकाशी जुळले का, हे विचारावे. न जुळल्यास रागावू नये. पंचांग आणि आकाश जुळत नव्हते, तेथूनच दीक्षितांचा अभ्यास सुरू झाला होता.

यंदा २२ डिसेंबरला दुपारी बाराच्या आधी काठी उभी करावी. सावली काठीएवढी भरली, तर सूर्य वळला असे समजावे.